भावाच्या ताटातली पोळी

आबा,

आज शनिवार, सकाळची शाळा. अकराला घरी आले तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. अंगण दोनदा झाडलं, घासलेली भांडी पुन्हा घासली. नवरा म्हणाला, "अगं, बस की जरा," तर त्याच्यावरच खेकसले. तो बिचारा उठून शेताकडं निघून गेला. शाळेतून निघता निघता हैदराबादहून डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. त्या जे म्हणाल्या ते कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि सगळ्या हट्टा गावात मला असं एकही माणूस सापडेना ज्याला ते आधी सांगावं. संध्याकाळी कुरुंद्याहून भाऊ येणार आहे, पेढे घेऊन. तो यायच्या आत मला माझं डोकं ठिकाणावर आणायचं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. रागावलेला आवाज मात्र लगेच आठवतो.

तुमच्या मागं काय झालं ते आधी सांगते, नाहीतर फोनचं काही कळणार नाही. तुमचं धाकटं पोरगं, जे तुमची पाठ फिरली की घमेल्यातली बुंदी मुठीनं पळवायचं, त्याला चाळिशीच्या आतच तुमचं दुखणं लागलं. आधी साखर निघाली, मग पाय सुजले, मग पोट वाढायला लागलं. ते पोट मी आधी एकदा पाहिलेलं होतं, म्हणून मला कुणी सांगायची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाले, लिव्हर निकामी झालंय, दुसरं बसवावं लागेल, आणि त्यासाठी घरातल्याच कुणीतरी आपल्यातला मोठा तुकडा द्यावा लागेल. दिलेलंही वाढतं आणि उरलेलंही वाढतं, काही महिन्यांत दोघांचं पुरेसं होतं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आई तोवर गेलेली. भावजयीचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. लोक आता सांगतात की बहिणीनं क्षणाचाही विचार केला नाही. मी विचार केला, आबा. घाबरले, माझ्या लेकरांचं काय होईल म्हणून रडले, सही करायच्या आधी डॉक्टरीणबाईंना मला पाणी पाजावं लागलं. पण ते पोट मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. आता दोन वर्षं होत आली. त्याच्या पोटावर मोठा व्रण आहे, माझ्या पोटावर त्याहून जरा लहान. तो त्याची हळदीची शेती बघतो, मी माझे वर्ग घेते, आणि एकाच लिव्हरवर आम्ही दोघं जगतो आहोत.

तुमच्या पोटाबद्दलही एक सांगायचंय, ते कधीचं राहून गेलंय. वसमतपासून औंढ्यापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं की आचारी म्हणून तुमचंच नाव. अजून डोळ्यांसमोर येतं, मी परकर सावरत तुमच्या मागं मागं फिरते आहे, मांडवामागच्या उघड्या जागेत भट्ट्या पेटल्या आहेत, तुमच्या डोक्याला पंचा, हातात झारा, आणि तुम्ही एकाच वेळी वरणाची चव बघता, वाढप्यांवर ओरडता, मला धुरातून बाजूला ढकलता. सगळ्यांचं खाऊन झाल्यावरही तुम्ही कधी ताट घेऊन बसलेले मला आठवत नाहीत. चव बघण्यातच तुमचं जेवण व्हायचं, आणि ती चव बुंदीची, पाकाची, तुपाची. हाताखालची माणसं काम आटोपलं की मागं जाऊन प्यायची. तुम्ही त्या वासालाही उभे राहत नव्हता. तरी तुमच्या मयतीला, तुम्हाला अजून उचललंही नव्हतं, तेव्हा ओट्याखाली बसलेला एक पाव्हणा दुसऱ्याला म्हणाला, "भट्टीवरचा माणूस. घेतल्याबिगर उभा राहतो व्हय?" मी नुकतीच नोकरीला लागलेली, बाई बाई म्हणत पोरं मागं फिरायची, आणि मी त्या माणसाला एक शब्द बोलू शकले नाही. बोलून तरी काय दाखवणार होते? तुमच्या आत काय झालं होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, सुई घालून लिव्हरचा कण काढू, म्हणजे नक्की कारण कळेल. तुम्ही खाटेवरून उठूनच बसलात. "सुई न्हाई. म्या काय पाक हाय व्हय, तार काढून बघायला?" सगळे हसले, डॉक्टरही हसले, आणि तुम्ही घरी आलात ते परत गेलाच नाहीत.

तर आबा, भावाच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. म्हटलं, याला दारूचा थेंब माहीत नाही, आमच्या वडिलांनाही नव्हता, मग हे कशानं? त्या म्हणाल्या, चरबीनं. लिव्हरमध्ये चरबी साठत जाते, साखर असली की जास्तच, वर्षानुवर्षं काही दुखत नाही, आणि शेवटी ते लिव्हर दारुड्याच्या लिव्हरसारखंच आक्रसून जातं. मी पुन्हा विचारलं, न पिणाऱ्याचंही? त्या म्हणाल्या, न पिणाऱ्याचंही. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांना वाटलं, भावासाठी रडते आहे. मी तुमच्यासाठी रडत होते. त्या पाव्हण्याला शोधून त्याच्या दारात जाऊन हे सांगावं असं इतकं वाटलं, पण तोही आता राहिला नाही.

ऑपरेशननंतर भावाला हैदराबादहून घरी आणलं आणि औंढ्याला नागनाथाचा अभिषेक करून मोकळे झालो. आपल्याकडं तेवढ्यावर भागतं थोडंच. मरणाच्या दारातून माणूस परत आला की भावकीतला, गल्लीतला प्रत्येक जण त्याला गोडाचं जेवायला बोलावतो. आणि इथं तर एक घेणारा, एक देणारी. सगळ्यांना आम्ही जोडीनंच पाहिजे. दोन पाट शेजारी शेजारी, दोघांना कुंकू, त्याला टॉवेल-टोपी, मला ब्लाऊजपीस, पुढं ताट. डॉक्टरांनी भावाला बजावून सांगितलेलं: तूप नाही, गोड नाही, तळलेलं नाही, वजन वाढता कामा नये, नवं लिव्हर अंगानं नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी भूक वाढते आणि साखरही वाढते, तेव्हा नव्या लिव्हरला पुन्हा चरबी चढायला वेळ लागणार नाही. हे मी प्रत्येक घरी सांगायची. बाया मान हलवायच्या, व्हय व्हय म्हणायच्या आणि बोलता बोलता पुरणाच्या पोळीवर तुपाची धार सोडायच्या. "एवढ्यानं काय व्हतंय, लेकरा? लिव्हरला ताकद नको व्हय?" एका चुलतीनं तर आपल्याच शेतातल्या ओल्या हळदीचा काढा तांब्याभर करून आणला. "हळदीच्या गावात राहून लिव्हर खराब व्हतंच कसं म्हन्ते मी. घे, घटाघटा पी." घरगुती औषध एकही चालणार नाही, गोळ्यांचं बिघडतं, असं बजावलेलं. तांब्या मी माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, काकू, आधी मी पिते, मीबी निम्मं दिलंय की, आणि सगळा संपवला.

पोळीचंही मी तसंच करायला लागले. करणार काय? नको म्हटलं तर घरधनीण तोंड पाडते, म्हणते, आमच्या हातचं चालत न्हाई काय? आणि ताटात टाकून उठायचं तर माझ्याच्यानं होत नाही, त्याला कारण तुम्ही. कुरुंद्याच्या त्या मोठ्या लग्नात मी पत्रावळीवर मूठभर बुंदी तशीच ठेवून उठले होते. तुम्ही भट्टी सोडून पंगतीत आलात, सगळ्यांसमोर माझा दंड धरला आणि म्हणालात, "मान्साचे हात भाजलेत हे करताना. बस खाली. संपव." मी रडत रडत ती बुंदी खाल्ली. त्या दिवसापासून माझ्या ताटात शीतही राहिलेलं नाही. म्हणून भावाच्या ताटातलं मी माझ्या ताटात ओढायची. घरधनीण वाढायला आत वळली की पोळी इकडं, शिऱ्याची मूद इकडं, तूप निथळणारी वाटी माझ्या पानाच्या आड. पुढं पुढं इतका हात बसला की बोलता बोलता, समोर बघत बघत मला ते जमायचं. तो पालेभाजी आणि भाकरी खाऊन ढेकर द्यायचा, त्याचं ताट लख्ख, बाई खूश. परत येताना गाडीवर हसायचा. "अक्का, तू हाय म्हणून माझी इज्जत राहून राहिली." ज्यांनी पाहिलं त्यांनीही कौतुकच केलं. "लिव्हर दिलं आन् वरून त्याचं ताटबी संपवून राहिली, बहीण असावी तर अशी." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. ब्लाऊज घट्ट व्हायला लागले तेव्हा शिंपिणीला म्हटलं, ऑपरेशननंतर अंग सुटतं बाई, उसवून दे.

मागच्या महिन्यात भावानं नांदेडला सोनोग्राफी केली, आणि त्यात लिहून आलं की बसवलेल्या लिव्हरवर चरबी दिसते आहे. माझं डोकंच फिरलं. कुरुंद्याला जाऊन, भावजयीच्या देखत मी त्याला बोल बोल बोलले. म्हटलं, चोरून खाल्लंस, मोंढ्यावर हळद विकायला गेला की भजी हाणत असशील, आबांची बुंदी चोरायचास तसाच चोर राहिलास. तो म्हणाला, "अक्का, ते तुझं हाय. म्या काहून खराब करीन?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तरी थांबले नाही. मला सारखं ते पोट दिसत होतं. आधी तुमचं, मग त्याचं, आणि आता पुन्हा त्याचं, माझ्यातला तुकडा आत असताना. आणि एकदा दिलं की, उरलेलं वाढलं तरी, दुसऱ्यांदा देता येत नाही.

हैदराबादला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोनोग्राफीचा अंदाज असतो, लिव्हर जरा उजळ दिसलं की चरबी लिहितात. नक्की बघायचं तर सुई घालून कण काढायचा. भाऊ पांढराफटक पडला. तुमचंच पोरगं ते. मग त्या म्हणाल्या, पण आधी सुईशिवाय बघू. एमआरआयच्याच मशीनमध्ये आणखी एक तपासणी होते, स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. मशीन लिव्हरच्या आतली एक लहानशी जागा धरतं, बोराएवढी, आणि तिथलं पाणी किती आणि चरबी किती हे वेगळं वेगळं मोजतं. कापायचं नाही, टोचायचं नाही, नुसतं पडून राहायचं. ते ऐकताना मी तुमच्याशीच बोलत होते, आबा. म्हटलं, बघा, तार काढल्याशिवाय पाक कळायला लागला, आणि तुम्ही थांबला नाहीत. मग बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आणि तुम्ही? देणाऱ्यांनीही वर्षाला यायचं असतं, तुम्ही एकदाही आला नाहीत. आता आलाच आहात तर तुमचंही करून टाकू." मी म्हटलं, मला काय झालंय, मी ठणठणीत आहे. त्यांनी लिहून टाकलंच.

आधी भाऊ गेला, मग मी. गार खोली, अरुंद बोगदा, कानावर गाद्या तरी हातोडे मारल्यासारखा आवाज. मशीन चालवणारी बाई भिंतीपलीकडून बोलायची, "अक्का, सांस छोडो, रोको, हिलना नक्को." मी श्वास सोडून थांबायची. आतमध्ये पडल्या पडल्या मी फक्त त्याच्यासाठी देवाला आळवत होते. माझ्यासाठी काही मागावं असं डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याचा निकाल पडद्यावर दाखवला. एक उंच सुळका होता, तो पाण्याचा. बाजूला जमिनीलगत एक उंचवटा, दिसेल न दिसेल असा, तो चरबीचा. "इतकी तर कुणाच्याही लिव्हरमध्ये असते," त्या म्हणाल्या. "छान ठेवलंय तुम्ही. सुईची काही गरज नाही." भाऊ खुर्चीतून उठला आणि त्यांच्या पाया पडायला लागला, त्यांनी त्याला वरच्यावर धरलं. मग तो माझ्या पाया पडला. दवाखान्याच्या त्या गर्दीत, सगळे बघताना. मी त्याला केलेली शिवीगाळ आठवून लाजले, आणि खरंच सांगते, त्या वेळी माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं. माझा निकाल अजून यायचा होता. बाई म्हणाल्या, रक्ताच्या तपासण्यांबरोबर बघते आणि फोन करते. परतीच्या गाडीत मी ते विसरूनही गेले.

आज फोन आला. बाईंनी आधी शाळा कशी आहे विचारलं, तेव्हाच मला काहीतरी वाटलं. मग म्हणाल्या, "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. थोडी नाही, बरीच आहे. देताना तपासलं होतं तेव्हा अगदी स्वच्छ होतं. या दोन वर्षांत काय खाल्लंत तुम्ही?" मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. पोरं दप्तरं आपटत घरी चालली होती, बाई नमस्ते, बाई नमस्ते. मी त्यांना पोळीचं सांगितलं. शिऱ्याचं, तुपाच्या वाटीचं, पाटांचं, सगळं. मग त्या हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, माफ करा, हसायला नको होतं. म्हणाल्या, घाबरू नका, यातून परत येता येतं, अजून लिव्हर आक्रसायला लागलेलं नाही. वजन उतरवा, गोड बंद, तूप बंद, रोज चाला, सहा महिन्यांनी पुन्हा मशीनमध्ये झोपा. "आणि भावाचं ताट भावालाच सांभाळू द्या. निम्मं लिव्हर दिलंत, पुरे झालं." मी हो हो म्हणत होते. मनात मात्र हिशोब लागत होता: तुम्ही, मग तो, आता मी. त्याला द्यायला मी होते. मला द्यायला कोण आहे? माझी लेक आहे. तिचं नाव मनात आलं आणि हिशोब मी तिथंच तोडला.

त्याला चरबीचं सांगेन, आबा. आजच सांगेन, पेढ्यांचा पुडा सुटायच्या आत. तो रडेल, स्वतःला शिव्या देईल, एकेका चुलतीच्या घरी जाऊन हात जोडून नको म्हणायला शिकेल. शिकावंच लागेल त्याला, चाळिशी उलटली आता. मीही चालायला लागेन, पोरं हसतील, हसू देत. ते सगळं जमेल. पण फोनवर ते ऐकलं तेव्हा, लेकीची आठवण यायच्याही आधी, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मी त्याला सांगणार नाही, नवऱ्याला नाही, बाईंनाही नाही. म्हणून हे कागद कुणाच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे. एकाच लिव्हरचे दोन तुकडे, आबा. त्याच्याकडं गेला तो लख्ख राहिला, माझ्याकडं उरला तो खराब झाला. मला त्याच्या लख्ख असण्याचा आनंद झाला नाही. मला वाटलं, तो माझा होता, आणि मला तो परत पाहिजे.